चार वर्षे तीन महिने

गुरुवारी दुपारी डबा खाऊन, हात धुऊन राजाराम रेवाळे जागेवर आला तेव्हा टेबलावर दोन प्रुफे एकावर एक पडलेली होती, आणि दोन्हींच्या समासात मुद्रितशोधक शरच्चंद्राने तांबड्या शाईत एकच शेरा मारला होता : तारीख तपासावी. वरचे प्रूफ राजारामच्याच लेखाचे होते. रविवारच्या पुरवणीत आतल्या पानावर तो दर आठवड्याला परदेशी तारांतून उचललेले काहीतरी शास्त्रीय लिहीत असे. या रविवारी, एक मे एकोणीसशे साठला, नवे राज्य सुरू व्हायचे होते. मुख्य उपसंपादक बाबुराव म्हणाले होते की हारतुऱ्यांच्या पानांत थोडे पुढच्या काळाचेही असू द्या, नाहीतर अंक नुसता मागे बघत बसेल. म्हणून लेख ठेवला होता. त्याचे नाव 'हवेच्या वरची दुर्बीण'. खालचे प्रूफ यादीचे होते. लालबाग-परळच्या एका मंडळाने चाळीचाळीतून फिरून या राज्यासाठी झालेल्या चळवळीत आपल्या भागातल्या गोळीबारात गेलेल्यांची नावे जमवली होती आणि ती पहिल्या पानावर चौकटीत जायची होती. नाव, वय, राहण्याचे ठिकाण, मृत्यूची तारीख. सातवी ओळ अशी होती : उत्तम कोंडीराम रेवाळे, वय २२, लालबाग, १८ जानेवारी १९५६.

शरच्चंद्राला कचेरीत येऊन दीड वर्ष झाले होते. त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. तो टेबलाशी येऊन उभा राहिला आणि आधी ताऱ्याची शंका काढली. राजारामने लिहिले होते की नरतुरंगातल्या मित्र नावाच्या ताऱ्यावरून, जो आकाशाच्या हिशेबाने आपला शेजारीच, प्रकाश इथे पोचायला सुमारे चार वर्षे तीन महिने लागतात. म्हणजे आज दिसतो तो प्रकाश छप्पनच्या जानेवारीत तिथून निघालेला. शरच्चंद्राचे म्हणणे, ताऱ्याला महिना कशाला, सन दिले की भागले. मग त्याने यादीवर बोट ठेवले. जुनी फाइल काढून तो ओळ न् ओळ ताडून आला होता.

"एकोणीस जानेवारीच्या अंकात हे नाव जखमींत आहे, रेवाळे. नुसतं जखमींत नाही, पुढं 'प्रकृती सुधारत आहे' असं छापलंय. मग माणूस अठरालाच गेला कसा?" आणि बोलता बोलता त्याची नजर आडनावावर थांबली. "तुमच्यातले कोणी?"

"धाकटा भाऊ."

शरच्चंद्र गडबडला. मग तुम्हालाच ठाऊक, असे काहीसे पुटपुटून त्याने प्रूफ पुढे सरकवले. राजारामने टाक घेतला, अठराचा आकडा एका सरळ रेघेने छाटला, समासात २१ लिहिले आणि खाली आद्याक्षरे केली. हात जराही हलला नाही. आता जुळलं, असे म्हणून शरच्चंद्र सुटल्यासारखा निघून गेला, आणि राजाराम आपल्या हाताकडे बघत बसला. अकरा वर्षांच्या नोकरीत या हाताने नको तिथे नुक्ताही जाऊ दिला नव्हता. बाबुराव त्याचे उदाहरण नव्या माणसांना देत : बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय रेवाळे खाली छापखान्यात पाठवत नाही. त्याच हाताने एका नावापुढे दोनदा खोटे लिहिले होते, आणि दोन्ही वेळा ते आधीच्या छापलेल्याशी नीट जुळत होते.

छप्पनचा तो बुधवार त्याला दिवस म्हणून आठवत नसे. आठवत असे तो टेलिफोनच्या काळ्या कर्ण्याला येणारा कुणाच्या तरी तंबाखूचा वास. गावभर बंद होता, गिरण्यांचे भोंगे वाजले नव्हते. कचेरीत ज्यांना पोचता आले ते सहाजण सगळे काम ओढत होते. इस्पितळांतून नावे येत, ती तो दोन कागदांवर उतरवत होता, मृत वेगळे, जखमी वेगळे. सव्वासहाला चाळीत शेजारच्या खोलीत राहणाऱ्या चंदूचा फोन आला. एका डॉक्टरच्या दवाखान्यातून तो बोलत होता. उत्तम गेला, एवढे सांगून तो थांबला. मग राजारामने न विचारताच सांगत सुटला. उत्तम कशातच नव्हता. चार वाजून गेले तेव्हा काय चाललंय बघायला खाली उतरला, आणि पिठाच्या गिरणीच्या बंद फळ्यांपाशी पडला. अर्धा तास तसाच होता. रस्त्यावरून गोळ्या चालू होत्या, त्यामुळे जिना उतरून कुणी पुढे जाऊ शकले नाही. सगळी चाळ गॅलरीतून बघत होती. दोनदा त्याने हात तोंडाशी नेऊन पाणी मागितले, ते सगळ्यांना कळले. "दिसत होता रे," चंदू म्हणाला. "चांगला दिसत होता. हात तेवढा पोचत नव्हता."

डाक आवृत्ती सातला छापायला जायची. बाहेरगावी जाणारा अंक संध्याकाळीच उतरतो. त्यात जे असते ते त्या वेळेपर्यंतचे. मुंबईचा अंक रात्री नव्या मजकुराने पुन्हा बांधतात. गावाला पोचेपर्यंत डाकेची बातमी दोन दिवसांची झालेली असते, आणि तिथे ती आजची म्हणून वाचली जाते. कचेरीचा नियम होता की इस्पितळाने किंवा पोलिसांनी दुजोरा दिल्याखेरीज कुणालाही मृतांत घालायचे नाही. नियमाने उत्तमचे नाव त्या संध्याकाळी कुठल्याच यादीत जायला नको होते. पण हर्णैला बोट लागली की गठ्ठा गावातल्या सीतारामच्या दुकानात जाई, सीताराम ओट्यावर बसून सगळा अंक मोठ्याने वाची, आणि ऐकणाऱ्या बायकांत आई असे. लालबागमधला गाववाला कुणीतरी बोटीने जाणार, उत्तमला गोळी लागली म्हणून सांगणार, हेही ठरलेलेच होते. राजारामला वाटले, आधी जखम पोचू दे. मरण मी स्वतः घेऊन जाईन. त्याने जखमींच्या कागदावर तळाशी नाव, वय, लालबाग असे लिहिले. खाली द्यायला कागद उचलला, पुन्हा ठेवला, आणि पुढे तीन शब्द जोडले. रात्री इस्पितळाचा दुजोरा आला तेव्हा मुंबई आवृत्तीत ते नाव त्यानेच मृतांच्या यादीत हलवले. एकाच तारखेच्या दोन अंकांत एकच माणूस दोन अवस्थांत होता. फाइल बांधणाऱ्याच्या हाती उरलेली प्रत डाकेची लागली, एवढाच योगायोग.

डाक नेणारी बोट तेवढी सुटली; पुढचा आठवडा संचारबंदी, बंद आणि न सुटलेल्या बोटी यांत गेला. उत्तमचे सगळे उरकून तो गावी पोचला तेव्हा पंचवीस तारीख होती. पडवीतल्या कोनाड्यात, दिव्याच्या मागे, अंकाचे ते पान घडी घालून ठेवलेले त्याला बाहेरूनच दिसले. तेव्हा त्याने मनाशी बेरीज केली, बातमी लिहिताना करतो तशी. एकोणीसला प्रकृती सुधारत होती, म्हणजे मरण त्यानंतरचे हवे. शनिवारी पहाटे गेला, तो म्हणाला. इस्पितळात. मी उशाशी होतो. तुझं नाव घेतलं. पाणी मागितलं, मी पाजलं. आईने एवढेच विचारले होते की पाणी प्यायला का. प्यायला, असे तो म्हणाला होता. गावच्या भटजींनी पंचांग उघडून शनिवारची तिथी काढून दिली, पौष शुद्ध नवमी. तेव्हापासून दर पौषात सीतारामच्या हातचे पत्र येई : नवमीला उत्तमचे पान वाढून ठेवले, कावळा लगेच शिवला, काळजी नसावी. ते पत्र वाचले की राजारामला दिवसभर अन्न जात नसे. खरी तिथी षष्ठीची. चुकलेल्या दिवशी मांडलेल्या पानाला कावळा चटकन शिवतो, हे त्याला आपल्याच लेखनाच्या एखाद्या स्तुतीसारखे लागे.

त्या तीन दिवसांनी त्याची चार वर्षे खाल्ली. आईला मुंबईला येऊ द्यायचे नाही, कारण चाळीत पोराटोरांनाही तारीख पाठ. जिन्याखाली मंडळाने पाटी रंगवून घेतली होती, उत्तमचे नाव आणि खाली १८-१-५६. लग्नाचे बोलणे आले की तो मोडून टाकी, कारण लग्न म्हणजे आई चाळीत येऊन राहणार. पाण्याचा त्रास आहे, जागा लहान, साथ आहे, अशी कारणे तो पत्रातून पाठवी. मीराबाई, समोरच्या खोलीतल्या, एकदा तोंडावरच म्हणाल्या होत्या, "भाऊ, आईला एकदा तरी आण रे. माणूस बोलेल, ह्याला आईची लाज वाटते." आता कारणे संपली होती. मंडळाने घरच्यांचा सत्कार ठरवून परस्पर पत्र धाडले होते आणि आईचे उत्तर आले होते की शुक्रवारी सकाळी पोचणाऱ्या बोटीने सीतारामबरोबर येते.

दुपारचे ऊन खिडकीतून शाईच्या दौतीपर्यंत आले होते. रस्त्यावर गिरगावच्या बाजूने तोरणे बांधणाऱ्यांची हाकाटी चालू होती; शिडी सरकव, अजून वर, अजून. राजारामने दुर्बिणीचे प्रूफ पुढे ओढले आणि आपलाच मजकूर परक्याचा असावा तसा वाचू लागला. आपण हवेच्या तळाशी राहतो, असे त्याने लिहिले होते. तारे लुकलुकतात ते ताऱ्यांचे काही नव्हे. मधली हवा हलते, म्हणून प्रकाश थरथरतो. डोंगरावर कितीही मोठी दुर्बीण बसवली तरी तिच्या डोक्यावर हवेचा थर राहतोच, आणि काही जातीचा प्रकाश तर हवा खाली येऊच देत नाही, मधेच गिळून टाकते. म्हणून आता अग्निबाणातून दुर्बीणच हवेच्या वर न्यायची, असा शास्त्रज्ञांचा विचार आहे. तिथून तारा न थरथरता दिसेल. जिथे आज नुसता धुरकट डाग दिसतो तिथे आपल्यासारख्याच आकाशगंगा आहेत, एकमेकींपासून दूर पळणाऱ्या, आणि त्यांतल्या काहींचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर गवताचे पातेही नव्हते. बाबुरावांनी लेख वाचून विचारले होते की ही एवढी खटपट करून वर जाऊन नवीन काय दिसणार. राजाराम म्हणाला होता, नवीन काही नाही, जितकं लांब बघावं तितकं जुनंच दिसतं. बाबुराव हसले होते. "मग आपल्या पुढाऱ्यांसारखंच की," म्हणाले होते.

लिहिताना त्याला ते सगळे गणित वाटले होते. आता चार वर्षे तीन महिने या शब्दांवरून नजर हलेना. अठरा जानेवारीपासून आजपर्यंत तेवढेच झाले होते, वर दहा दिवस. समजा, त्या मित्राच्या अंगणात कुणी असली दुर्बीण लावून बसला असेल, तर त्याला आजच्या तारखेला लालबागचा तो बुधवार दिसत असेल. पिठाच्या गिरणीच्या फळ्या दिसत असतील, गॅलऱ्यांतली माणसे, आणि तोंडाशी गेलेला हात. त्याहून लांबच्या ताऱ्यावर उत्तम अजून शाळेत जातो आहे. त्याहूनही लांब, बाप कोंडीराम पहिल्यांदा बोटीतून उतरून गिरणीचा पत्ता विचारतो आहे, आणि ही दोन भावंडे कुठेच नाहीत. सगळे कुठे ना कुठे अजून पोचायचे आहे. फक्त तो शनिवार, ते इस्पितळ, ती उशी आणि पाण्याचा पेला, हे कुठल्याच ताऱ्यावरून कधी दिसणार नव्हते. त्या शनिवारचा प्रकाश निघालेलाच नव्हता. राजारामने प्रुफावर काही न बदलता सही केली आणि दोन्ही कागद खाली पाठवून दिले.

कचेरी सुटल्यावर तो लालबागला उतरला, फुलवाल्याकडून झेंडूचा दाट हार घेतला आणि जिन्याखालच्या पाटीला घातला. हार असा ओढून बसवला की नाव मोकळे राहील आणि खालची तारीख झाकली जाईल. चंदू कामावरून येत होता. तो थोडा वेळ उभा राहून बघत होता. मग हाराचे एक टोक खिळ्याला नीट अडकवून वर गेला.

शुक्रवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा आई त्याला लगेच ओळखू आली नाही. ती आखडली होती. लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढून, एका हाताने सीतारामचे बोचके सांभाळत ती फळीवरून उतरली, आणि राजारामने हात पुढे केला तर आधी त्याच्या तोंडाकडे बघून मग तिने हात धरला. सीताराम मुलीकडे भायखळ्याला जायचा होता. रविवारचा खास अंक रविवारीच गावी पोचावा म्हणून त्याची डाक या वेळी आज दुपारीच छापली जाणार होती. दुपारच्या बोटीनेच अंकाचा गठ्ठा गावी जाईल, त्यात आपल्या उत्तमचे नाव असणार, माघारी गेल्यावर मी ओट्यावर वाचीन, असे तो दोनदा म्हणाला. बसमध्ये आई खिडकीशी बसली. रस्त्यावर कमानी उभ्या राहत होत्या. कुठे मंडप, कुठे दिव्यांच्या माळा दिवसाच लावून बघत होते. ती सगळे बघत होती आणि विचारत काही नव्हती. मधेच एकदा म्हणाली, "हिकडं आकाश लय खाली हाय रे." गिरण्यांचा धूर होता. राजारामने मान डोलावली. पाटीपाशी थांबू न देता तिला सरळ वर कसे चढवावे, मीराबाईंना काय खूण करावी, याचे तो मनात मजकुरासारखे तुकडे लावत होता.

पाटीपाशी ती आपणहून थांबली. हे कुणी सांगितले नव्हते. तिने बोचके खाली ठेवले, पाटीवरून तळहात फिरवला, अक्षरांवरून, एकेक. ह्ये त्याचं नाव का, म्हणाली. राजाराम हो म्हणाला, आणि चल, वर चहा झाला असेल, असेही म्हणाला. तिने दोन बोटांनी हार वर उचलला.

"ह्ये आकडं हायत," ती म्हणाली. "अक्षरं नाय कळत, आकडं कळतात मला. क्यालेंडर बघते मी." तिने बोट ठेवले. "एक आनि आठ."

"रंगवणाऱ्यानं, आये—"

"रंगवणाऱ्याला कशाला बोल लावतोस?" तिने हार पुन्हा होता तसा खाली सोडला, आणि बोचके उचलून जिना चढू लागली.

खोलीत मीराबाई चहा ठेवून निघून गेल्या. आईने चहा बशीत ओतून घेतला, संपवला, बशी धुऊन पालथी घातली आणि भिंतीला टेकून बसली. राजाराम उभाच होता. चार वर्षांत त्याने या प्रसंगाची कितीतरी वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यातले एकही या खोलीत बसेना. बोलायला तिनेच सुरुवात केली, आणि सावकाश, काही उसवत असल्यासारखी बोलत राहिली.

"सीतारामानं दुकानात वाचलं. नाव, वय, परळ. नाव, वय, लालबाग. समदी वाचली त्यानं. आपल्या उत्तमच्या म्होरं म्हनाला, प्रकृती सुधारत आहे. बाया म्हनाल्या, देवानं राखला. मी म्हटलं, सीताराम, बाकीच्यांच्या म्होरं काय लिवलंय ते वाच. म्हनाला, काय नाय, नुसती नावं. दोनदा बघाया लावलं त्याला. छापखान्याला माज्याच पोराची येवडी माया कशी, राजा? तवाच कळलं, ह्ये थोरल्यानं लिवलंय. आनि थोरला आसं कवा लिवील, त्ये मला ठावं हाय."

बाहेर गॅलरीत कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. राजाराम खाली बसला. एवढ्या साध्या गोष्टीत तो सापडला होता. तीस-बत्तीस नावांच्या यादीत एकाच ओळीला शेपूट होते, आणि कुठल्याही मुद्रितशोधकाने ते पहिल्या नजरेत धरले असते. धरले ते अक्षरओळख नसलेल्या बाईने. तिला त्या दिवशीच, दुकानाच्या ओट्यासमोर उभ्या उभ्या, कळले होते. आणि पाच दिवसांनी तो शनिवारची पहाट आणि उशी आणि पाणी घेऊन पोचला तेव्हा ती ऐकत राहिली होती.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू येवड्या लांबनं घेऊन आलावतास," ती म्हणाली. "म्हटलं, ऱ्हाऊ दे."

मग तिने सांगितले की पान ती षष्ठीलाच ठेवते. भटजींनी काढून दिलेली नवमी सीतारामला नुसती पत्रात लिहायला सांगते, थोरल्याच्या जिवाला बरे वाटावे म्हणून. राजारामने विचारले, आणि कावळा? तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. नाही शिवत, म्हणाली. एकदाही शिवला नाही. दर वर्षी दुपार टळेस्तोवर ती परसात उभी राहते, तुझ्या भावाचं लग्न लावून देते म्हणते, घर शाकारून घेते म्हणते, जे जे सुचेल ते कबूल करते. कावळे कौलावर बसून असतात, खाली येत नाहीत. शेवटी पान गाईला घालते.

"सत्काराला नाय आले मी. त्याचं काय ऱ्हायलं, तेवडं इचाराया आले."

राजारामचे लक्ष, का कोण जाणे, भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. साडेबारा वाजले होते. त्याने आईला सांगितले, सांगताना आपला आवाज कुणा अपराध्याच्या जबानीसारखा सपाट येतो आहे हे त्याला ऐकू येत होते, की मी पुन्हा तेच केले आहे. रविवारच्या अंकात, यादीत, अठराचे एकवीस केले आहेत, आणि गावाकडचा अंक आत्ता छापला जात असेल. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. लहानपणी तो ताप लपवून शाळेत जायला निघे तेव्हा ती अशी बघे.

"मग बदल जा," ती म्हणाली. "मी हाय हितंच."

गिरगावात तो छापखान्याच्या जिन्यावरून उतरला तेव्हा यंत्र थांबलेले होते आणि कुशाबा फोरमन चिंधीने हात पुसत होता. कुशाबा म्हाताऱ्या माणसांच्या पद्धतीने आधी कारण विचारत नसे. डाक एकलाच उतरली, म्हणाला. गठ्ठे बांधून गाडी धक्क्यावर गेली. बोट सुटली असेल नाहीतर सुटत असेल. मुंबईचे पान अजून जुळवणीच्या दगडावर आहे, त्याचे काय ते सांग. राजारामने सातवी ओळ दाखवली. कुशाबाने दोरी सैल केली, चिमट्याने दोन आणि एक हे शिशाचे खिळे उपसले, खिळ्यांच्या घरातून एक आणि आठ काढून बसवले आणि अंगठ्याने दाबले. उपसलेले दोन खिळे त्याने राजारामच्या तळहातावर ठेवले. "त्या दिवशीबी पान बांधताना तूच आलावतास," तो म्हणाला. "तवा काढलं न्हाईस, तीन शब्द घातलं व्हतंस." म्हणजे यालाही माहीत होते. राजारामला वाटले, गॅलरीत उभी असलेली सगळी माणसे आपल्याकडे बघत होती, आणि आपणच तेवढे समजत होतो की मध्ये धूर आहे.

जिन्यात शरच्चंद्र भेटला. दुर्बिणीच्या लेखातला महिना मी काढून टाकला, सन ठेवले, असे तो उत्साहाने सांगू लागला. राजाराम म्हणाला, महिना ठेव. ताऱ्याला महिना शोभत नाही, असे शरच्चंद्राने म्हणून पाहिले. ठेव, राजाराम पुन्हा म्हणाला, माझ्या जबाबदारीवर ठेव.

संध्याकाळी कचेरीचे काम उरकून परतताना ट्राममध्ये त्याच्या मुठीत ते दोन खिळे होते. बोट आता लाटेला लागली असेल. ज्या एका बाईसाठी ती खोटी तारीख पुन्हा छापली होती ती सोडून बाकी सगळ्या गावाला ती मिळणार होती. सीतारामच्या दुकानात, शाळेच्या भिंतीवर ती चिकटून राहील, आणि कधी कुणी मुंबईचा अंक शेजारी ठेवून पाहिला तर म्हणेल, यातला कुठला तरी एक चुकला. दुरुस्ती छापता येईल. ती सोमवारच्या डाकेने जाईल, आणि वाचली जाईलच असे नाही.

दिवेलागण झाली होती. आईने देवापुढे काही लावले नव्हते, नुसता वरचा बल्ब लावून ती त्याच जागी बसली होती. मीराबाईंनी पाठवलेली भाकरी झाकून ठेवलेली होती, दोन माणसांची. केलंस का, तिने विचारले. मुंबईचं केलं, गावचं गेलं, तो म्हणाला. जाऊ दे, म्हणाली. आणि मग वाट बघू लागली. राजाराम तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगता येत नव्हते, म्हणून बातमी सांगतात तसे त्याने पहिल्यापासून सांगितले. बुधवार, चार वाजून गेले होते. गिरण्या बंद होत्या. तो कशातच नव्हता, बघायला उतरला होता. पिठाच्या गिरणीच्या फळ्यांपाशी पडला. अर्धा तास होता. मी गिरगावात होतो, मला सव्वासहाला कळलं. चंदू, मीराबाई, सगळे गॅलरीतून बघत होते, त्यांना खाली जाता आलं नाही. त्याने कुणाचं नाव घेतलं की नाही ते कुणालाच ऐकू आलं नाही. दोनदा हात तोंडाशी नेला.

हात तोंडाशी नेला हे ऐकल्यावर तिने स्वतःचा हात थोडा वर उचलला, अर्ध्यावर थांबवला.

"पानी मिळालं न्हाय त्याला?"

आजवर या प्रश्नाला छापता येईल असे उत्तर त्याने दिले होते.

"नाही, आये."

तिने मान हलवली, एकदाच, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी. मग ती भिंतीला हात देऊन उठली, कोपऱ्यातल्या मडक्याचे झाकण काढले, पितळेचा पेला बुडवून भरला, बाहेरून पदराने पुसला आणि आणून राजारामच्या पुढ्यात ठेवला.

"तू पी," ती म्हणाली.

पेल्यात वरच्या दिव्याचा उजेड थरथरत होता. त्याने लगेच उचलला नाही. पाणी स्थिर होईपर्यंत दोघेही त्याच्याकडे बघत राहिले.